कॅम्पर ट्रेलरमधली पाण्याची गळती: शोध, दुरुस्ती आणि तपासणी

कॅम्पर ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या आणि आत राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरच्या, फरशीवर पाणी दिसले की बहुतेक जण आधी पाना हातात घेतात आणि समोर दिसेल तो जोड आवळू लागतात. त्याने गळती क्वचितच थांबते. उलट चांगला असलेला प्लास्टिकचा नट तडकतो आणि गळतीच्या दोन जागा होतात. ट्रेलरमधले पाणी फरशीच्या उतारावरून, प्लायच्या कडेने, वायरींच्या जुडग्यावरून सरकत जाऊन मूळ जागेपासून दोन-तीन फुटांवर बाहेर येते, आणि ट्रेलर थोडा पुढे झुकलेला उभा असेल तर ते आणखी भलतीकडेच दिसते. म्हणून शोधाला भरपूर वेळ द्यावा. गळतीची नेमकी जागा सापडल्यावर प्रत्यक्ष दुरुस्ती बहुधा लहानच असते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. घरातले नळकाम भिंतीत बसवलेले असते आणि ते हलत नाही. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या ट्रेलरचा मात्र प्रत्येक जोड सारा वेळ हादरत असतो. आपल्याकडचा कसबी प्लंबरही ट्रेलर पाहिला की घराच्या सवयीने ताठ पाइप टाकतो, सॉल्व्हंट सिमेंटने सगळे एकजीव करतो आणि वरून एम-सील लावतो. असे काम दारात उभ्या असलेल्या गाडीत उत्तम टिकते आणि पहिल्या घाटात तडकते. ट्रेलरच्या पाइपाला थोडी हालचाल करू देणे आणि त्याचे वजन जोडावर न पडू देणे, या दोन गोष्टी सांभाळल्या नाहीत तर दुरुस्ती कितीही नीट केली तरी ती तात्पुरतीच ठरते.

आधी व्यवस्था समजून घ्यावी

ट्रेलरमध्ये पाण्याचे साधारण चार भाग असतात. पहिला भाग म्हणजे स्वच्छ पाण्याची टाकी आणि तिच्यापासून पंपापर्यंतची ओढनळी. दुसरा भाग पंपापासून नळ, शॉवर आणि गीझरपर्यंतचा दाबाचा पाइप. तिसरा भाग म्हणजे बाहेरून नळाचे पाणी थेट जोडण्यासाठी ट्रेलरच्या बाजूला दिलेले तोंड; त्याच्या आत पाणी उलटे येऊ नये म्हणून एक एकदिशा व्हॉल्व्ह असतो. चौथा भाग सांडपाण्याचा: सिंकखालचा ट्रॅप, नालीदार पाइप आणि सांडपाण्याची टाकी.

पंप बहुतेक ठिकाणी १२ व्होल्टवर चालणारा डायफ्रॅमचा, म्हणजे लवचीक पडद्याने पाणी ढकलणारा असतो. नळ उघडला की तो आपोआप सुरू होतो, आणि नळ बंद केल्यावर पाइपात ठरावीक दाब आला की थांबतो. हा दाब अनेक पंपांत ४० ते ५५ पीएसआय, म्हणजे आपल्याकडच्या दुकानदारांच्या भाषेत ढोबळमानाने तीन ते चार किलो (दर चौरस सेंटीमीटरला) असतो. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब सुमारे एक किलो भरतो, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीचा दाब एका किलोच्याही आतच राहतो. त्यामुळे घरच्या नळाला जोडून पाहिल्यावर कोरडा राहिलेला जोड पंप लावताच ठिबकू लागतो, यात काहीच आश्चर्य नाही. घराला प्रेशर पंप बसवलेला असेल तर याच्या उलट होते: तेथे ट्रेलर जोडताना मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घातलाच पाहिजे, नाहीतर ट्रेलरच्या पाइपावर झेपेल त्याहून जास्त ताण येतो.

पाऊस, घाम की गळती

खानापूर तालुक्यात किंवा आंबोलीच्या बाजूला पावसाळ्यात मुक्काम असेल तर ओल दिसताक्षणी नळकामावर संशय घेऊ नये. छताची शिवण, खिडकीची चौकट आणि छतावरच्या व्हेंटची कडा या जागांतून पावसाचे पाणी आत येते आणि भिंतीच्या आतून उतरून सिंकखालच्या कपाटातच जमते. शिवाय दमट हवेत गार पाण्याने भरलेल्या टाकीला बाहेरून घाम येतो आणि टाकीखालची फळी भिजते.

तिन्हींचा निवाडा करण्याची रीत सोपी आहे. ट्रेलर शेडखाली घ्यावा, सगळी ओल पुसावी, पंप बंद करावा, नळ उघडून पाइपातला दाब सोडावा आणि संशयाच्या जागांवर जुने वर्तमानपत्र अंथरून रात्रभर ठेवावे. सकाळी कागद कोरडा असेल, तर पंप चालू करून पुन्हा तेवढाच वेळ पाहावे. पंप बंद असतानाही कागद भिजला तर टाकी, ओढनळी किंवा घाम यांपैकी काहीतरी आहे. पंप चालू केल्यावरच भिजला तर दाबाच्या पाइपात गळती आहे. आणि दोन्ही वेळा कोरडा राहून पावसात भिजला तर छताकडे वळावे. घामाची ओल टाकीच्या पृष्ठभागावर सगळीकडे सारखी असते, गळतीची ओल एका जागेपासून खाली ओघळलेली असते. हा फरक बॅटरीच्या उजेडात बोट फिरवून पाहिल्यावर लगेच कळतो.

पंपाची चाचणी

आता मुख्य चाचणी. आधी २३० व्होल्टची बाहेरची जोडणी काढून ठेवावी आणि इन्व्हर्टर बंद करावा. ओल्या कपाटात हात घालताना फक्त १२ व्होल्टचा पंप चालू असावा. टाकी भरावी, सगळे नळ उघडून पाइपातली हवा काढावी, मग नळ बंद करून पंप थांबण्याची वाट पाहावी. पंप थांबल्यावर घड्याळ लावून शांत बसावे. कोणीही पाणी वापरले नसताना पंप मध्येच एखादा झटका देऊन सुरू झाला, तर पाइपातला दाब कोठूनतरी सुटत आहे.

येथे अनेकांची फसगत होते, कारण दाब सुटण्याच्या जागा दोन असू शकतात. एक म्हणजे खरोखरची गळती. दुसरी म्हणजे पंपाच्या आतला एकदिशा व्हॉल्व्ह नीट न बसणे; तेव्हा पाणी पंपातून उलटे टाकीत परत जाते आणि ट्रेलरमध्ये थेंबही दिसत नाही. टाकीतला बारीक कचरा किंवा क्षार त्या व्हॉल्व्हवर अडकला की असे होते. अथणी, रायबाग अशा कमी पावसाच्या तालुक्यांत मुक्काम बहुधा बोअरच्या पाण्यावर होतो, आणि ते जड असेल तर हा त्रास लवकर सुरू होतो. ओळखण्यासाठी पंप बंद ठेवून ट्रेलर बाहेरच्या नळाला जोडावा. टाकी आपोआप भरू लागली किंवा तिच्या वरच्या नळीतून पाणी सांडू लागले, तर दोष पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. पंपाचे डोके उघडून साफ करावे, पंपात पाणी शिरण्याआधीची जाळी धुवावी. तरीही फरक पडला नाही तर व्हॉल्व्हचा संच बदलावा. पाइप उचकटण्याचे कारणच नाही.

पंप थांबतच नसेल, नळातून पाण्याबरोबर हवा फुसफुसत असेल आणि तरी ओल कोठे दिसत नसेल, तर ओढनळीकडे पाहावे. ओढनळीत पंप चालू असताना बाहेरची हवा आत खेचली जाते, त्यामुळे फट असली तरी पाणी बाहेर येत नाही. पंप थांबल्यावर टाकीच्या उंचीच्या दाबाने तेथे हळूहळू थेंब जमतो. टाकी निम्मी रिकामी झाल्यावर तोही येईनासा होतो. म्हणून ही तपासणी टाकी काठोकाठ भरूनच करावी.

सिंक वापरल्यावरच ओल येत असेल तर दाबाच्या पाइपाला हातही लावू नये. सिंकची जाळी बंद करून त्यात पाणी भरावे, त्यात जिलेबीत घालतात तो खाण्याचा रंग चिमूटभर टाकावा आणि एकदम सोडावे. ज्या जोडावर रंगीत ओघळ दिसेल तोच दोषी. सांडपाण्याचा नालीदार पाइप वाकणाच्या जागी खालून तडकतो, आणि तो भाग डोळ्यांना दिसत नाही; तेथे मोबाइलचा कॅमेरा व्हिडिओवर ठेवून आत सरकवला की आरशाचे काम होते.

दाबाच्या पाइपातली बारीक गळती शोधण्यासाठी प्रत्येक जोड फडक्याने कोरडा करून त्याभोवती टिश्यू कागदाची पट्टी गुंडाळावी, आणि जेथे कागद गुंडाळता येत नाही तेथे खडूची भुकटी लावावी. पंपाच्या बाजूने सुरुवात करून एकेक जोड तपासत जावे आणि तपासलेल्या जोडावर पेन्सिलीने खूण करावी. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा भरून साबणाच्या फेसाने गळती शोधण्याचा सल्ला काही जण देतात. सीपीव्हीसी किंवा पीव्हीसीच्या ताठ प्लास्टिक पाइपात हे कधीही करू नये. दाबलेली हवा अशा पाइपात साठली आणि पाइप तडकला तर त्याचे तुकडे स्फोटासारखे उडतात. ही चाचणी पाण्यानेच करावी.

गीझरच्या बाबतीत एक अपवाद सांगावा लागेल. पाणी तापताना सुरक्षा व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडणे ही गळती नसते. तापलेले पाणी फुगते आणि वाढलेला दाब तेथून बाहेर पडतो. ते थेंब थांबवण्यासाठी त्या व्हॉल्व्हला बूच मारणे म्हणजे टाकी फुटण्याची सोय करणे होय. पाणी थंड असतानाही व्हॉल्व्ह सतत गळत असेल, तरच तो बदलावा.

कोणता जोड कसा दुरुस्त करावा

दुरुस्तीला हात घालण्याआधी पंप बंद करावा, सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामा करावा आणि टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद करावा. असा व्हॉल्व्ह नसेल तर टाकी रिकामी करावी, आणि पुढच्या वेळेसाठी तो आताच बसवून घ्यावा.

नळाखाली प्लास्टिकचा फिरता नट असेल तर तो सोडून आतला रबरी वायसर पाहावा. तो चपटा, कडक किंवा तिरका बसलेला असतो. नवा घालून नट हाताने घट्ट होईल तेवढा फिरवावा आणि मग पान्याने फार तर पाव फेरा द्यावा. ज्या जोडात पाणी वायसर किंवा शंकूच्या आकाराचे तोंड अडवते, तेथे टेफलॉन टेप लावू नये, कारण तेथे आटे फक्त पकड देतात आणि टेपेच्या जाडीमुळे वायसर पूर्ण दाबलाच जात नाही. टेप फक्त निमुळत्या आट्यांना, आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने गुंडाळावी. पितळी आट्यांचा नर भाग प्लास्टिकच्या मादी भागात घालून आवळला की प्लास्टिक आतून फाकते आणि काही दिवसांनी तडा जातो; अशा जागी आत पितळेचा घेर असलेलाच जोड घ्यावा.

मऊ नळी टोचणीवर (नळी निसटू नये म्हणून खाचा दिलेल्या तोंडावर) चढवून क्लिपेने आवळलेली असेल, तर नळीचे तोंड उन्हाने आणि वयाने कडक झालेले असते. क्लिप आणखी आवळण्याऐवजी नळी सोडवावी, कडक झालेला बोटभर भाग कापावा, तोंड गरम पाण्यात बुडवून मऊ करावे आणि टोचणीच्या मुळापर्यंत चढवून स्टेनलेसची नवी क्लिप लावावी. क्लिपेचा पट्टा नळीत रुतला तर ती जास्त आवळली गेली आहे असे समजावे. बाहेरून आणलेल्या काही ट्रेलरमध्ये दाबून बसवायचे जोड असतात. त्यात पाइपाच्या टोकावर ओरखडा असला की आतले ओ-रिंग (गोल रबरी कडे) पाणी अडवू शकत नाही. जोडाची कड आत दाबून धरून पाइप ओढून काढावा, ओरखडा गेलेला भाग काटकोनात कापावा, कड घासून गुळगुळीत करावी, पाइप किती आत जायला हवा त्याची पेन्सिलीने खूण करावी आणि खूण दिसेनाशी होईपर्यंत पाइप दाबावा. हॅकसॉने कापलेले टोक खडबडीत राहते. या कामाला पाइप कापण्याची कात्रीच घ्यावी. ओ-रिंगसाठी परगावी जाण्याची गरज नाही. बेळगावात उद्यमबागेच्या परिसरात हायड्रॉलिक्सचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे, आणि जुने ओ-रिंग नमुन्याला नेले तर त्या मापाचे नवे तेथे मिळते.

सीपीव्हीसीचा पाइप तडकला असेल तर तड्यावर काहीही लेप लावून तो भाग वाचवण्याचा प्रयत्न करू नये. तड्याच्या दोन्ही बाजूंना चांगला पाइप लागेपर्यंत कापून काढावा. येथे माझे मत स्पष्ट आहे: कापलेल्या जागी पुन्हा ताठ तुकडा चिकटवण्यापेक्षा दोन्ही टोकांना पितळी आट्यांचे जोड चिकटवून मध्ये स्टेनलेस जाळीची लवचीक नळी घालावी. खर्च थोडा वाढतो, पण तडा जेथे गेला तेथेच हादऱ्याचा ताण येत असतो, आणि ताठ तुकडा तो ताण शेजारच्या जोडाकडे ढकलतो. चिकटवताना पाइप आतून-बाहेरून कोरडा हवा. आतून एकेक थेंब उतरत असेल तर सिमेंट धरत नाही. सिमेंट पाइपाला आणि जोडाला लावावे, पाइप पाव फेरा फिरवत पूर्ण आत घालावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा, नाहीतर तो स्वतःहून मागे सरकतो. डब्यावर सांगितलेली वेळ पाळावी. पावसाळ्यात मात्र रात्रभर थांबल्याशिवाय दाब देऊ नये. पाइप घेताना त्यावर आयएस १५७७८ ही भारतीय मानकाची खूण आहे ना, ते पाहावे.

टाकीच गळत असेल तर प्रथम निप्पल पाहावा. घराच्या गच्चीवरच्या टाकीला असतो तसाच हा जोड असतो: आतून-बाहेरून रबरी वायसर आणि नट. वायसर बदलला की काम होते. टाकीच्या अंगालाच चीर गेली असेल तर मात्र एम-सील किंवा सॉल्व्हंट सिमेंटवर भरवसा ठेवू नये, कारण अशा टाक्या पॉलिथिलीनच्या असतात आणि त्या प्लास्टिकला काहीही नीट चिकटत नाही; गरम हवेने प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडेच ती न्यावी. त्याबरोबर टाकीचे पट्टे तपासावे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ते ढिल्या पट्ट्यात खड्ड्यागणिक उसळत असेल तर निप्पल पुन्हा गळणारच.

मुक्कामात अडचण आली तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी आणि तारेने बांधावी, किंवा स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप वापरावी, पंप फक्त पाणी हवे तेव्हाच चालू करावा, आणि घरी आल्यावर ती पट्टी काढून खरी दुरुस्ती करावी. या भागात आणखी दोन मोह होतात. निपाणी-चिकोडीकडे कोणत्याही गावात ठिबकचा १६ मिलिमीटरचा पाइप आणि औषध फवारणीच्या पंपाची नळी सहज मिळते. ठिबकचा पाइप कमी दाबासाठी बनवलेला असतो आणि पंपाच्या दाबावर फुटतो किंवा जोडातून निसटतो. फवारणीची नळी दाब सोसते, पण ती पिण्याच्या पाण्यासाठी नसते. वापरलेली असेल तर विचारसुद्धा करू नये.

आधार आणि उंदीर

जोड दुरुस्त झाल्यावर पाइपाला दर दीड-दोन फुटांवर रबर लावलेली क्लिप द्यावी. ती पाइप धरील एवढीच आवळावी, चिमटणार नाही इतकी सैल ठेवावी. पाइप प्लायमधून जातो तेथे छिद्राला रबरी कडी बसवावी. पंप रबरी पायांवर असावा आणि त्याच्या दोन्ही तोंडांना दीडेक फूट लवचीक नळी असावी, म्हणजे पंपाची थरथर ताठ पाइपापर्यंत पोहोचत नाही.

परदेशी माहितीत पाणी गोठून पाइप फुटण्यावर पानेच्या पाने असतात. आपल्याला त्याचा उपयोग नाही. आपल्याकडचा शत्रू उंदीर आहे. उसाच्या पट्ट्यात शेतातल्या शेडमध्ये ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहिला की उंदीर मऊ पाइप कुरतडतात, विशेषतः ऊसतोडीनंतर. पाइपावर दाताच्या समांतर खुणा दिसल्या तर एकच गळती दुरुस्त करून थांबू नये, सगळा पाइप उघडून पाहावा, आणि फरशीतून पाइप-वायरी आत येतात ती छिद्रे लोखंडी जाळीने बंद करावीत.

वाळवणे आणि शेवटची परीक्षा

भिजलेल्या प्लायवर लगेच पॅनेल लावू नये. पेचकसाचे टोक प्लायवर दाबून पाहावे. ते सहज रुतले तर तेवढा भाग कापून आयएस ७१० खुणेचा मरीन प्लाय बसवावा. बाकी भाग पंखा लावून वाळवावा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरकडे असाल तर त्याला बरेच दिवस लागतील हे गृहीत धरावे.

त्यानंतर पंप दाब देऊन थांबवावा आणि नळ बंद ठेवून रात्र काढावी. रात्रीत पंप एकदाही सुरू झाला नाही आणि जोडांवरचे टिश्यू कोरडे राहिले, तर उभ्या गाडीतली परीक्षा पार पडली. खरी परीक्षा रस्त्यावरची असते, म्हणून पॅनेल न लावताच अर्धी टाकी भरून खडबडीत रस्त्यावरून दहा-पंधरा किलोमीटर फिरून यावे, परत आल्यावर पुन्हा दाब देऊन प्रत्येक जोडाला कोरडे टिश्यू लावून पाहावे, आणि तेव्हाही सगळे कोरडे असेल तरच पॅनेलचे स्क्रू आवळावेत.